झेंडूच्या हाराआडची ओळ

२१ ऑक्टोबर १९९६, सोमवार. धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी विहारात वंदना. ऊन कडक, वारा नाही. शुभांगी माझी पांढरी साडी नेसली. दुपारी राधाकृष्ण जेवायला. पुरी, बटाट्याची भाजी, गव्हाची खीर. खीर त्याने दोनदा घेतली. संध्याकाळी नळाला पाणी कमी दाबाने आले.

भिंगारच्या मुक्ताबाईंची त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. सिस्टरांच्या कॉन्व्हेंटात शिकल्यापासून त्यांना रोज लिहायची सवय, आणि डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं ही शिस्तही तिथलीच. त्या दिवशी जे दिसलंच नाही, ते लिहिणार कसं? ते त्यांच्या भाचीला, शुभांगीला, दिवाळीच्या तोंडावर कळलं.

शुभांगी मूळची पारनेर तालुक्यातली. वडील गवंडीकामाला जायचे. गावात बारावीपर्यंत पोचलेल्या मुली हाताच्या बोटांवर मोजाव्यात अशा, त्यात ही एक. पुढे कॉलेज नगरला, आणि भिंगारला मावशी एकटी. मावशीचे यजमान लष्कराच्या स्टोअरात नागरी नोकरीला होते, ते गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं. असं दोघींचं जमून गेलं. बी. कॉम. झालं, सावेडीला कॉम्प्युटरचा कोर्स झाला, आणि एक दिवस शुभांगी सायकलवरून दूध संघाच्या फाटकातून आत गेली ती हंगामी नोकर म्हणून. हंगाम काही संपेना आणि नोकरी काही कायम होईना, अशी वर्षं गेली. कामगारांना संघाचं दूध सवलतीत मिळे. रोज संध्याकाळी हँडलला अडकवलेली ॲल्युमिनियमची किटली घरी यायची, आणि मावशी त्यातलंच चहाला, विरजणाला वापरायची.

संघाचा संगणक विभाग म्हणजे एक खोली, एक एसी आणि दोन माणसं. प्रमुख राधाकृष्ण. वय चाळिशीचं, केस कानावर पिकलेले, खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर. लोक म्हणायचे, राधाकृष्ण पेन विसरेल पण स्क्रू-ड्रायव्हर विसरणार नाही. शुभांगी त्याला दादा म्हणे, तो तिला शुभे म्हणे. सख्ख्या भावाने शिकवलं नसतं इतकं त्याने तिला शिकवलं.

पुण्याहून सर्व्हर आला तेव्हा इंजिनियर दोन दिवस राहिला आणि इंग्रजीत बोलून गेला. मग राधाकृष्णने एका दुपारी सर्व्हरचं झाकण काढलं आणि शुभांगीला जवळ बोलावलं.

"हे बघ, हे स्कझी कार्ड. या कार्डाला पट्टीसारखी एक वायर, आणि वायरीला ओळीने डिस्क लावलेल्या. प्रत्येक डिस्कला नंबर. ही झिरो, ही एक. मशीन चालू झालं की हे कार्ड आधी बघतं, कोणकोण हजर आहे."

"शाळेसारखं."

"शाळेसारखंच. आणि मग ठरवतं, आज कोणत्या डिस्कवरून जागं व्हायचं. याला बूट डिव्हाइस म्हणतात. आपलं झिरो नंबरला लावलेलं आहे. आणि ही शेवटची टोपी बघ. वायर जिथे संपते तिथे ती पाहिजेच. नाहीतर निरोप भिंतीला आपटल्यासारखा परत येतो, आणि कार्डाला कोणी दिसतच नाही."

"टोपी नसेल तर आंधळं होतं म्हणजे."

"हां. आणि आता खरी गंमत." मशीन सुरू होताना क्षणभर एक ओळ येई. तेवढ्यात दोन बटणं एकदम दाबली की निळा पडदा उघडे. तिथे ती सगळी सेटिंगं. "हे तुला आणि मला. तिसऱ्याला सांगायचं नाही. येणारजाणाऱ्याच्या हाताला लागलं तर संघ बसेल."

पुढे एकदा साफसफाई करताना शुभांगीच्या हातून ती टोपी नीट बसली नाही. सकाळी मशीनला एकही डिस्क दिसेना आणि बाहेर टँकरची रांग. संघाचे कार्यकारी संचालक काकासाहेब खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.  राधाकृष्ण टेबलाखालून डोकं न काढता म्हणाला, "माझ्याच हातून झालं साहेब. काल रात्रीची झोप नीट नव्हती." टोपी बसली, मशीन लागलं. त्याने परत त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. त्या वर्षापासून धम्मचक्राच्या दिवशी तो मावशीकडे जेवायला येऊ लागला. मावशीने त्याच्या खिरीसाठी फडताळातली मोठी वाटी ठरवूनच टाकली.

आणखी एक गोष्ट त्याने केली होती. खंडेनवमीला संघात सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. फॅट तपासायचं मशीन, वजनकाटा, टँकरची चाकं, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडू. एरवी वर्षभर चालणारा सर्व्हरही त्या दिवशी तेवढा बंद व्हायचा. शुभांगी पूजेला हात लावत नसे. तिच्या घरात ते सुटलं होतं ते तिच्या जन्माआधी. पहिल्या वर्षी ती पॅसेजमध्ये बाकावर जाऊन बसली, तेव्हा अकाउंटच्या लंकाबाई ताट हातात घेऊन म्हणाल्या, "का गं, पगार चालतो मशीनचा आणि हळदकुंकू चालत नाही?"

"ज्याची त्याची श्रद्धा, लंकाबाई," राधाकृष्ण म्हणाला होता. "दूध काय माणूस बघून नासतं का?"

लोक हसले, आणि तो विषय संपला. पूजा झाली की तोच पेढा घेऊन बाहेर यायचा आणि शुभांगी तो बिनदिक्कत खायची.

त्या वर्षी श्रावणात झिरो नंबरची डिस्क कुरकुरू लागली. जाते की राहते असं वाटून दोघांनी तिची जशीच्या तशी नक्कल एक नंबरवर उतरवून ठेवली. मग कुरकुर आपोआप थांबली. नक्कल मात्र तशीच पडून राहिली, श्रावणातल्या त्या दिवसापाशी बंद पडलेल्या घड्याळासारखी.

गणपतीत काकासाहेबांनी शुभांगीला बोलावून सांगितलं, "दिवाळीच्या मीटिंगात तुझं नाव घेतोय. कायम होशील." ती केबिनमधून बाहेर आली ती सरळ दादाकडे. मावशीला सांगण्याआधी त्याला सांगितलं. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग पेढे कधी?"

त्याला काय माहीत होतं ते तिला माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात काकासाहेबांनी त्यालाही बोलावलं होतं. एका खोलीत दोन कायम माणसं संघाला परवडायची नाहीत, पोरगी तयार झाली आहे, तू श्रीगोंद्याच्या शीतकरण केंद्रावर जा, असं सांगितलं होतं. ते त्याने कोणालाच सांगितलं नाही.

खंडेनवमी आली. लंकाबाई ताट घेऊन निघाल्या तसा राधाकृष्ण म्हणाला, "शुभे, तू बस बाहेर. मी बंद करून ठेवतो, मग यांची पूजा होऊ दे." तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. ती बाकावर जाऊन बसली. दार लोटलेलं होतं. थोड्या वेळाने आतून एक बारीक बीप ऐकू आला. सर्व्हर बंद होताना बीप करत नाही, चालू होताना करतो. हे तिला पाठ होतं. पण आत दादा होता, म्हणून कानाने ऐकलेलं मनापर्यंत गेलंच नाही. मग बायका आत गेल्या, टाळ्या झाल्या, आणि नेहमीसारखा पेढा बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी तो पांढरा सदरा घालून मावशीकडे आला. विहारातून परतलेल्या बायकांना नमस्कार केला. मोठ्या वाटीत खीर घेतली, संपवली, आणि वाटी पुढे करून म्हणाला, "मावशी, गव्हाची खीर करावी ती तुम्हीच. आमच्या घरी नुसती पेज होते." मावशीला बरं वाटलं. तिने वर तूप सोडलं.

दसरा झाला. सकाळी सर्व्हर चालू करायला शुभांगी आत गेली तर पडद्यावर झेंडूचा भला मोठा हार आडवा पडलेला. दोन दिवस हार काढायचा नाही असा संघातला दंडक. दुसऱ्या कोणी तो बाजूला सारला असता तर कोणी बघितलंही नसतं. शुभांगीने सारला असता तर त्याची गोष्ट झाली असती. म्हणून तिने फुलाला बोट लागू न देता बटण दाबलं. चालू होताना कार्ड ज्या ओळी दाखवतं त्या फुलांच्या मागून गेल्या. खाली फक्त नाव आणि पासवर्ड विचारणारी जागा दिसत होती. तिने ते टाकलं. आधीचं दहा दिवसांचं बिल नवमीलाच संपलेलं, नवी पाटी कोरी. दूध येत गेलं, आकडे भरत गेले. काही खटकलं नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात घडी केलेली बिलाची चिठ्ठी. पारनेरकडची भिमाबाई. शुभांगीने तिला ओळखलं.

"बाई, हे जरा वाचून सांगा. मला आकडे कळत्यात, अक्षर न्हाई कळत. पन पोरगं म्हनतंय, याच्यावर सहादूचं नाव हाय."

शुभांगीने वाचलं. सहादूचंच नाव होतं.

"माझा मालक आखाडात गेला," भिमाबाई म्हणाली. "तुमीच तर नाव बदलून दिल्तं, भादव्यात. ह्याच खिडकीत. मग तुमच्या मशिनीत अजून दूध घालतोय व्हय त्यो?"

मागे उभा असलेला एक जण हसला. भिमाबाई हसली नाही. "हसू नगं रं. घरात सासू हाय. तिनं चिठ्ठी पायली आन् कालपासून दारात बसलीय, लेक येतोय म्हून."

शुभांगीने चिठ्ठी परत वाचली. ते नाव तिने स्वतः बदललं होतं, तिला तो दिवसही आठवत होता. "तुम्ही बाकावर बसा, भिमाबाई. चिठ्ठी दिल्याशिवाय मी उठत नाही."

तिने पडद्यावर शोधलं. सहादू जिवंत. भाद्रपदात सभासद झालेले नवे लोक कुठेच नाहीत. आश्विनात सोडून गेलेले परत आलेले. सगळं श्रावणातलं. तिने सगळ्यांना थांबायला सांगून सर्व्हर बंद केला, परत चालू केला, आणि ती ओळ येताच दोन बटणं एकदम दाबली. निळा पडदा उघडला. बूट डिव्हाइसच्या पुढे लिहिलेलं होतं, एक.

पहिल्यांदा तिला वाटलं, माझ्याच हातून झालं असणार. टोपीसारखं. तिने हात मांडीवर ठेवले आणि एक एक दिवस मागे जात आठवलं. हे सेटिंग तिने श्रावणापासून उघडलंच नव्हतं. मग तो बीप आठवला. लोटलेल्या दारामागचा. आता तो इतका मोठ्याने ऐकू आला, की तिने मान वळवून दाराकडे पाहिलं.

दारात राधाकृष्ण उभा होता. तिच्या खांद्यावरून त्याला निळा पडदा दिसत होता. तो आत आला नाही, म्हणाला, "साहेबांनी बोलावलंय. बिलांच्या तक्रारी आल्यात बऱ्याच."

काकासाहेबांच्या टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग होता. लंकाबाई फाईल धरून कपाटाशी उभ्या. शुभांगीने झालं ते नीट सांगितलं. मशीन श्रावणातल्या जुन्या नकलेवरून जागं झालं. नवमीपर्यंतची माहिती झिरो नंबरवर शाबूत आहे. दसऱ्यानंतरची एक नंबरवर आहे, ती परत भरावी लागेल.

"पण ते जुन्यावरून जागं झालं कसं?"

"कोणी सेटिंग बदलल्याशिवाय होत नाही, साहेब."

"ते कोणाला येतं?"

"आम्हा दोघांना."

काकासाहेबांनी राधाकृष्णकडे पाहिलं. शुभांगीनेही पाहिलं. टेबलाखालून डोकं न काढता बोललेलं ते एक वाक्य तिला आठवत होतं, आणि अजूनही, त्या घटकेलाही, तिला वाटत होतं की हा काहीतरी बोलेल. चुकून झालं म्हणेल. निदान दोघांनी मिळून बघतो म्हणेल.

"बंद मी केलं होतं, साहेब," तो म्हणाला. "पूजेला ती नव्हती ना. दसऱ्यानंतर चालू तिनं केलं. आणि ते सेटिंग मशीन चालू होतानाच लागतं." आवाज शांत होता. शिकवतानाचाच आवाज.

"चालू करताना पडद्यावर दिसलं नाही तुला?" काकासाहेबांनी विचारलं.

"हार होता, साहेब. हार काढायचा नाही म्हणून..."

"म्हणजे आता हाराचा दोष," लंकाबाई म्हणाल्या. "पूजेला हात लावायचा नाही आणि वर हाराला नावं. मशीन रुसणार नाही तर काय."

तिला उत्तर माहीत होतं. दूध काय माणूस बघून नासतं का. ते उत्तर ज्याचं होतं तो खिडकीबाहेर टँकर बघत होता.

ती बीपचं बोलली नाही. दाराआडून ऐकलेला एक बीप. कोण मानणार होतं? काकासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "दिवाळीच्या बिलांचा घोळ म्हणजे गावोगाव नाचक्की. कायम करायचं आता राहू दे. राधाकृष्ण इथेच थांबेल. शुभांगी, तू श्रीगोंद्याच्या केंद्रावर जा. हंगामीच. पुढचं पुढे बघू."

श्रीगोंद्याचं नाव आलं आणि राधाकृष्णने खिडकीवरची नजर खाली घेतली. तेव्हा तिला सगळं कळलं.

खोलीत परतल्यावर तिने आधी बूट डिव्हाइस झिरोवर आणलं. सर्व्हर जागा झाला. भिमाबाईचं नाव तिच्या जागी होतं. दसऱ्यानंतरचं तिचं दूध तेवढं हाताने भरून तिने चिठ्ठी छापायला दिली. राधाकृष्ण दार लोटून आत आला.

"तुम्हाला पाठवणार होते तिकडे," ती पाठमोरीच म्हणाली. "श्रीगोंद्याला."

तो दारापाशीच थांबला. "पोरीची, अश्विनीची दहावी आहे यंदा. आई अंथरुणाला. घर कुठे उचलून नेऊ, शुभे?"

"मला सांगायचं होतंत. मीच गेले असते श्रीगोंद्याला. त्याच दिवशी साहेबांना म्हणाले असते."

"म्हणाली असतीस," तो म्हणाला. "मग जन्मभर तुझ्यापुढे मान खाली घालून राहिलो असतो."

"आणि आता?"

त्याने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, उगाच बोटांत फिरवला, परत ठेवला.

"मी बाहेर बसते म्हणून केलंत," ती म्हणाली. "तेच सगळ्यात वाईट केलंत, दादा. लंकाबाईंनी केलं असतं तर मला काही वाटलं नसतं. त्यांनी कधी माझी बाजू घेतली नव्हती." मग तिने विचारलं, "नवमीला केलंत. दुसऱ्या दिवशी जेवायला कसे आलात?"

"आलो नसतो तर तुला शंका आली असती," तो म्हणाला. बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं असावं. तो खुर्चीवर बसला. "दोन्ही डिस्कांचा मेळ घालायला दोन दिवस तरी थांब. एकट्याच्यानं होणार नाही. उद्या वसुबारस, लोक..."

"ही एक चिठ्ठी माझी होती. बाकीच्या तुमच्या."

तिने छापलेला कागद फाडून घेतला, खोलीची किल्ली कीबोर्डवर ठेवली आणि बाहेर आली. भिमाबाई अजून बाकावर होती, त्याच बाकावर. शुभांगीने शेजारी बसून तिला चिठ्ठी वाचून दाखवली. नाव भिमाबाई, मयत सहादू यांची वारस.

"आता बरं झालं," भिमाबाईने चिठ्ठी कनवटीला लावली. "म्हातारीला दावते. मेल्या मानसाला परत परत मारायची पाळी येऊ नये बगा कुनावर." मग शुभांगीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुमचं कोन गेलं, बाई?"

"कोणी नाही," शुभांगी म्हणाली.

दूधवाटपाच्या खिडकीपुढे कामगारांची रांग लागली होती. किटली हँडलला होती. ती रांगेत थांबली नाही. कॅन्टोन्मेंटच्या झाडांखालून सायकल हाणत आली तेव्हा रिकामी किटली वाटभर हँडलवर आपटत होती. मुक्ताबाईंना तो आवाज रस्त्यावरूनच कळला. भरलेली किटली असा आवाज करत नाही.

"दूध संपलं का संघातलं?"

"माझं संपलं, मावशी."

चुलीवरचा चहा कोराच गाळून मावशीने दोन कप पुढे ठेवले. शुभांगीने सगळं सांगितलं. लोटलेलं दार, बीप, झेंडूचा हार, एक हा आकडा. रडली नाही. फक्त अधूनमधून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.  शेवटी मावशी एवढंच म्हणाली, "तूप मी वाढलं त्याला. तो नको म्हणाला नव्हता."

"श्रीगोंद्याला जाऊ का मी?"

"जायचं असतं तर तू विचारलं नसतंस."

शुभांगी हसली, त्या दिवशीचं पहिलंच. मग उठून तिने किटली घासली आणि फळीवर उपडी घातली.

संध्याकाळी मुक्ताबाई गल्लीच्या टोकाला जाऊन आल्या. दिवा लावला, फडताळ उघडून बराच वेळ आवराआवर केली, आणि मग नेहमीच्या जागी बसून त्या दिवसाची नोंद केली. हवा कोरडी. शुभांगी संघातून लवकर आली. नळाला पाणी नीट. आजपासून दूध गवळ्याकडून घेतले. विरजण मोठ्या वाटीत लावले.